परळ विधानसभा मतदारसंघ

मुंबई शहर जिल्ह्यातील महाराष्ट्र विधानसभेचा पूर्वीचा मतदारसंघ. परळ, लालबाग आणि त्यांना लागून असलेला गिरणगावाचा काही भाग त्यात मोडत असे. २००४ मध्ये येथे शेवटची निवडणूक झाली आणि २००८ मध्ये मतदारसंघांच्या पुनर्रचनेत तो रद्द झाला. बीड जिल्ह्यातील परळी हा मतदारसंघ वेगळा.

परळ हे मुंबईच्या मूळ बेटांपैकी एकावरचे जुने गाव. १९३१ मध्ये या परिसरात रस्त्याचे काम चालू असताना एकाच दगडात कोरलेले भव्य शिवशिल्प सापडले. ते बारादेवी मंदिराच्या आवारात ठेवलेले आहे. इंग्रजी अमदानीत मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला परळला होता. १८९९ मध्ये त्या बंगल्यात प्लेगवरील संशोधनाची प्रयोगशाळा आली. तीच आजची हाफकिन संस्था. पुढे १९२६ मध्ये के. ई. एम. आणि १९४१ मध्ये टाटा ही रुग्णालये उभी राहिली. राज्याच्या कानाकोपऱ्यातील माणूस आजही दुखणे घेऊन परळला येतो. मतदारसंघ म्हणून परळची ओळख मात्र इस्पितळांवर घडली नाही. ती घडली कापडगिरण्या आणि रेल्वेचे कारखाने यांत राबणाऱ्या माणसांवर.

हा मतदार मुख्यतः कोकणातला आणि सातारा, कोल्हापूर, पुणे या घाटावरच्या जिल्ह्यांतला. चाळीतल्या एका खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा जण राहत. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागेवर पाठ टेके. जेवण खानावळीत, आणि खानावळ चालवणारी बाई बहुधा कुणा कामगाराचीच बायको. गावकी, भजनी मंडळ, व्यायामशाळा, दहीकाला आणि सार्वजनिक गणपती यांनी ही वस्ती घट्ट बांधलेली होती. लालबागच्या राजाची स्थापना १९३४ ची. उमेदवाराला मतदाराच्या दारी जायचे तर या मंडळांतून आणि गावकीच्या खोल्यांतूनच जावे लागे. पक्ष कोणताही असो, येथे टिकला तो चाळीच्या जिन्यावर रोज दिसणारा कार्यकर्ता.

लाल बावट्याने ही वाट सर्वांत आधी धरली. १९२८ च्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि परळची दळवी बिल्डिंग कम्युनिस्टांच्या कामगार चळवळीचे ठाणे बनली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने येथील मैदाने गाजवली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगाव आघाडीवर होते. १९५७ मध्ये मुंबईच्या याच मध्य भागातून श्रीपाद अमृत डांगे लोकसभेवर गेले आणि १९६७ मध्ये पुन्हा निवडून आले. त्याच १९६७ च्या विधानसभा निवडणुकीत परळमधून भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे कृष्णा देसाई विजयी झाले.

कृष्णा देसाई पूर्वी महापालिकेत नगरसेवक होते. अंगात रग असलेला, मारामारीला न डरणारा आणि अडल्यानडल्याच्या मदतीला धावणारा हा कार्यकर्ता होता. तरुण पोरे पक्षापासून दुरावत आहेत हे त्यांनी वेळीच ओळखले आणि त्यांना जोडून ठेवण्यासाठी लोकसेवा दल उभे केले. कारण समोर नवा प्रतिस्पर्धी आला होता. १९ जून १९६६ रोजी स्थापन झालेली शिवसेना त्याच चाळीत, त्याच व्यायामशाळेत आपल्या शाखा उघडत होती. १९६७ च्या डिसेंबरात दळवी बिल्डिंगमधील युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला. १९६८ मध्ये शिवसेनेने महापालिकेत ४२ जागा जिंकल्या.

५ जून १९७० च्या रात्री लालबागमध्ये कृष्णा देसाई यांचा खून झाला. स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्रातील राजकीय हत्यांच्या इतिहासात या घटनेची नोंद ठळक आहे. डाव्या पक्षांनी शिवसेनेला जबाबदार धरले, तर सेनेच्या नेतृत्वाने आरोप नाकारला. रिक्त जागेसाठी ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. कम्युनिस्ट पक्षाने कृष्णा देसाई यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना उभे केले, शिवसेनेने वामनराव महाडिक यांना. आमदाराचा खून झालेला, त्याची पत्नी रिंगणात, अनेक पक्ष तिच्या पाठीशी. तरीही महाडिक १,६७९ मतांनी निवडून आले. शिवसेनेचे ते विधानसभेतील पहिले आमदार. पुढे ते मुंबईचे महापौर झाले आणि १९८९ मध्ये लोकसभेवर निवडून गेले.

या एका निकालावर फार मोठा अर्थ लादला जातो. परळने १९७० मध्ये लाल बावटा टाकून भगवा उचलला, असे सर्रास लिहिले जाते. निवडणुकांचा क्रम ते मान्य करत नाही. १९७२ मध्ये राज्यभरात शिवसेनेचा एकच उमेदवार निवडून आला; ते गिरगावचे प्रमोद नवलकर. १९७८ मध्ये एकही नाही. १९८० मध्ये सेनेने विधानसभा लढवलीच नाही. १९८५ मध्ये पुन्हा एकच, माझगावचे छगन भुजबळ. म्हणजे महाडिकांनी जिंकलेली जागा दोन वर्षांत सेनेच्या हातून गेली आणि पुढची अठरा वर्षे ती परत मिळाली नाही. १९७० च्या पोटनिवडणुकीने कम्युनिस्टांचा कणा मोडला हे खरे. पण कामगाराचे मत त्या दिवशी कुणाच्या पदरात कायमचे पडले नव्हते. युनियनचा दरारा तोवर शिल्लक होता आणि पोट गिरणीवर चालत होते.

ते पोटच १९८२ मध्ये तुटले. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो झिजत गेला. कामगार गावी परतले, बायकांनी घरकामे धरली, पोरे मिळेल त्या कामाला लागली. १९८४ मध्ये याच भागाने सामंतांना लोकसभेवर पाठवले, तो या पिढीचा शेवटचा मोठा कौल. १९९० पर्यंत युनियनच्या सभासदाचा मुलगा मोठा झाला होता. त्याला गिरणीत बदली कामगार म्हणूनही उभे राहायला जागा नव्हती. संध्याकाळी जाऊन बसायला शाखा होती. त्या वर्षी शिवसेनेचे विठ्ठल चव्हाण परळमधून निवडून आले. परळचा रंग बदलला तो येथे, आणि त्याचे मूळ बंद भोंग्यांत आहे.

१९९२ मध्ये आमदार चव्हाण यांचीही हत्या झाली. एकाच मतदारसंघाचे दोन विद्यमान आमदार मारले जावेत, ही गोष्ट या वस्तीने सोसलेल्या हिंसेविषयी पुरेसे सांगते. बेकार तरुणांच्या जोरावर वाढलेल्या टोळ्यांनी त्या काळात गिरणगावाचा गळा धरला होता. नंतर १९९५ मध्ये सूर्यकांत देसाई आणि २००४ मध्ये दगडू सकपाळ हे शिवसेनेचेच उमेदवार येथून विधानसभेत गेले.

दरम्यान जमीनच बदलत होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जागेचे तीन वाटे ठरवले : पालिकेची मैदाने, म्हाडाची घरे आणि मालकाचा वाटा. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे फक्त मोकळ्या जागेपुरते राहिले आणि शहराच्या हाती अगदी थोडे आले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. ज्या कामगारांच्या मतांवर या जागेचे राजकारण चालले, त्यांच्याशी हा व्यवहार अन्यायाचा झाला.

मतदारसंघ रद्द होण्याचे कारण लोकसंख्येचे आहे. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३३ लाख आणि उपनगर जिल्ह्यात सुमारे ८६ लाख लोक होते, तरी दोन्ही जिल्ह्यांना प्रत्येकी १७ आमदार होते. न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने शहराच्या जागा १० वर आणल्या आणि उपनगराच्या २६ केल्या. दादर, नायगाव, माझगाव, चिंचपोकळी, खेतवाडी, ऑपेरा हाउस यांच्याबरोबर परळचे नावही यादीतून गेले. गिरणगाव सोडून डोंबिवली, विरार, बदलापूरकडे गेलेल्या कुटुंबांचा हिशेब असा कागदावर आला.

परळ-लालबागचा मोठा भाग आता शिवडी मतदारसंघात आहे. २००९ मध्ये तेथे महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे बाळा नांदगावकर यांनी परळचे शेवटचे आमदार दगडू सकपाळ यांचा पराभव केला. २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही निवडणुकांत शिवडीतून अजय चौधरी निवडून आले.