मुंबई-पुणे : अंतर आणि वेळ

मुंबई आणि पुणे यांमधील अंतर किती, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. रुळांवरून ते १९२ किलोमीटर भरते. विमानासारखे सरळ रेषेत मोजले तर १२० च्या आसपास. परंतु लालबाग-परळच्या माणसाने अंतर नेहमी दोनच मापांनी मोजले : तास किती लागणार आणि भाडे किती पडणार. तेव्हा या दोन शहरांचा इतिहास आम्ही त्याच मापांनी सांगणार आहोत.

वाटेत बोरघाट आडवा. १८३० साली घाटातून गाडीरस्ता झाला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि १८५८ पर्यंत खाली खोपोलीपर्यंत व वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रूळ पडले. मधला घाट मात्र तसाच राहिला. उतारू खोपोलीस उतरत, पालखीतून किंवा तट्टावरून घाट चढत आणि खंडाळ्यास पुन्हा गाडीत बसत. १८६३ साली हा घाट रुळांनी जोडला गेला. चढण सुमारे १८०० फूट, बोगदे पंचवीस.

आखणी जेम्स बर्कले या इंजिनियराची. त्याची बुद्धी आम्ही नाकारीत नाही. पण कातळाला सुरुंग लावणारे हात कोणाचे? काम भरात असताना घाटात चाळीस हजारांच्या घरात माणसे राबत होती. पटकी आणि ताप यांनी त्यांतली किती तरी नेली. १८५९ च्या आरंभी मजुरीवरून मजुरांनी दंगा केला. मुंबईत कामगार संघटना हा शब्दही तेव्हा कोणी ऐकला नव्हता. त्याच वर्षी सॉलोमन ट्रेडवेल या नव्या कंत्राटदाराने काम हाती घेतले आणि थोड्याच दिवसांत तो वारला. त्याच्या पत्नीने, ॲलिसने, ते पुढे चालविले. तिचे नाव इतिहासात राहिले, हे योग्यच झाले. मजुरांपैकी मात्र एकाचेही नाव आपणांस सांगता येत नाही.

आता १९३० साल पाहा. फेब्रुवारीत जी. आय. पी. रेल्वेच्या कामगारांनी संप पुकारला आणि १ जूनला त्याच रेल्वेवर 'दख्खनची राणी' धावू लागली. विजेचे इंजिन, प्रवास सुमारे पावणेतीन तासांचा. मात्र या गाडीला तिसऱ्या वर्गाचा डबा नव्हता. तो जोडला गेला १९५५ च्या जूनमध्ये. म्हणजे जो वेग १९३० साली तयार होता, तो साध्या तिकिटाच्या माणसाला मिळण्यास पंचवीस वर्षे लागली. तोवर रूळ तोच, घाट तोच, पण त्याचे पुणे अधिक लांब होते.

२००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. विमान तर हे अंतर हवेत अर्ध्या तासाच्या आसपास तोडते. पण लालबागेतून सांताक्रूझ गाठणे, तेथे आधी जाऊन थांबणे आणि लोहगावाहून पुणे शहरात येणे, हे सारे मिळवले तर 'राणी'च्या उतारूपेक्षा विमानाचा उतारू फारसा पुढे राहत नाही. प्रवासाचा हिशेब घराच्या उंबऱ्यापासून करावा.

वाचलेला वेळ हीदेखील एक कमाई आहे. ती श्रमातून निर्माण होते आणि तिची वाटणी भाड्याच्या दराने होते. उद्या याहून जलद मार्ग निघेल; त्याचे स्वागत आपण करूच. मात्र त्याच दिवशी दोन प्रश्न विचारावेत : तो बांधणाऱ्यांना मजुरी वेळेवर मिळाली काय? आणि त्यावरून जाण्याचे भाडे त्यांना परवडेल काय?