वर्धा जिल्ह्यांतील घरांचीं जुनीं खतें : इमला आणि जागा

जुन्या कागदांच्या संग्रहांत घरांच्या खरेदीखतांस व गहाणखतांस सहसा मानाचें स्थान मिळत नाहीं. सनदा, वतनपत्रें व निवाडे यांच्यामागें तीं पडून राहतात. आणि जे कोणी तीं वाचतात ते बहुधा ‘अमक्यानें अमक्यास घर विकलें’ एवढी नोंद करून थांबतात. वर्धा जिल्ह्यापुरतें पाहतां ही नोंद अपुरी, किंबहुना दिशाभूल करणारी आहे, असें आमचें मत आहे. या प्रांतीं घर ही एक मिळकत नसून दोन आहेत : वर उभा असलेला इमला आणि त्याखालील जागा. दोहोंचा धनी एकच असेल असें नाहीं.

याचें मूळ गेल्या शतकापूर्वींच्या जमाबंदींत आहे. तिसरे रघूजी भोसले १८५३ त निपुत्रिक वारल्यावर नागपूरचें राज्य खालसा झालें. १८६१ त मध्यप्रांत बनला व १८६२ त नागपुराहून वर्धा जिल्हा वेगळा निघाला. त्यानंतरच्या जमाबंदींत, भोसल्यांच्या अमदानींत केवळ वसुलाचे जबाबदार असलेले पाटील मालगुजार या नात्यानें गांवाचे मालक ठरले. गांवठाणही त्यांतच आलें. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुणब्याच्या किंवा कोष्ट्याच्या भिंती त्याच्या राहिल्या, पण पायाखालील भुई दुसऱ्याची झाली. ती भुई कोणीं कशी भोगावी याची गांवोगांवची रूढी ‘वाजिब-उल्-अर्ज’ या पत्रकांत नमूद होऊं लागली.

वर्धा शहराची गोष्ट निराळी. १८६६ त पालकवाडी या खेड्याच्या ठिकाणीं जिल्ह्याचें नवें ठाणें वसविण्यांत आलें. अशा शहरांत नझूल म्हणजे सरकारी जागा मुदतीच्या पट्ट्यानें देण्याची पद्धत पडली. तेथें इमलेकऱ्याचा जमीनमालक मालगुजार नसून सरकार होतें.

याच सुमारास पैशाची उलथापालथ झाली. अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ ते १८६५ पर्यंत कापसाचे भाव चढले, युद्ध संपतांच ते उतरले. १८६७ त आगगाडी नागपुरास पोंचली आणि हिंगणघाटच्या कापसास थेट मुंबईची वाट मिळाली. चढत्या भावांत लोक घरें बांधतात व उतरत्या भावांत तींच गहाण टाकतात. सावकारानें तारण म्हणून जें घेतलें तें पुष्कळदां इमल्याचें लाकूड व माती एवढेंच असे.

दुसरी गुंतागुंत शर्तीच्या खरेदीची. एका कागदानें घर विकावें आणि दुसऱ्या कागदानें ‘अमुक मुदतींत रक्कम फेडल्यास घर परत’ असें लिहून द्यावें, अशी चाल होती. हा व्यवहार खरेदीचा कीं गहाणाचा, हें दोन्ही कागद जवळ ठेवल्यावांचून सांगतां येत नाहीं. १८८२ च्या मिळकत हस्तांतर कायद्यांत १९२९ त दुरुस्ती झाली. तिच्यान्वयें परतीची शर्त त्याच खतांत नसल्यास तो व्यवहार गहाण मानला जात नाहीं. म्हणून खताचें साल पाहणें हें मायना पाहण्याइतकेंच अगत्याचें आहे.

३१ मार्च १९५१ रोजीं मालगुजारी संपली. गांवठाणांतील घरें ज्यांचीं होतीं त्यांचींच राहिलीं, व त्यांखालील जागा सरकारानें त्यांच्याशीं ठरवून द्यावी असें कायद्यानें ठरलें. तेव्हां इमल्याचा धनी कोण, हें दाखविणारा जुना कागद एकाएकीं मोलाचा झाला. आणि नझूल पट्ट्याच्या घरास तर तो आजही मोलाचा आहे.

संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, घराचें खत हातीं येतांच चार गोष्टी टिपाव्या : विकलें काय, इमला कीं जागेसह इमला, मालगुजाराची संमति आहे कीं नाहीं, जोडीचा कागद कोठें आहे, आणि चतुःसीमेंत कोणाचीं नांवें आहेत. जोडीचे कागद तर वेगळ्या रुमालांत कधींच बांधूं नयेत. एक कागद हरवला, तर कर्जदार विक्रेता ठरतो आणि सावकार घरधनी. इतिहासांत असें झाल्यास ती चूक, पण वारसाच्या बाबतींत झाल्यास तें घर गेलें.