ब्रेकवरचा पाय

1994 चा डिसेंबर. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात नाताळची सुट्टी लागलेली. डॅना लीच हा तरुण संशोधक सुट्टीवर गेला होता, म्हणून त्याच्या उंदरांची मोजमापं घ्यायला प्रयोगशाळेचा प्रमुख जेम्स ॲलिसन स्वतःच बसला. हातात कॅलिपर, समोर पिंजरे, प्रत्येक उंदराच्या अंगावर कर्करोगाची गाठ. कोणत्या पिंजऱ्याला औषध टोचलंय आणि कोणत्याला नाही, हे त्याला मुद्दामच सांगितलेलं नव्हतं. सुरुवातीला आकडे सगळीकडे वाढतच गेले. प्रयोग फसला म्हणायचा! मग काही पिंजऱ्यांतल्या गाठी वाढायच्या थांबल्या आणि हळूहळू नाहीशा झाल्या.

या औषधाची वंशावळ मांडायची तर शंभर वर्षं मागे जावं लागतं. 1891 मध्ये न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी एका रुग्णाच्या गाठीत चक्क जंतू टोचले. रुग्ण तापाने फणफणला आणि गाठ ओसरली. शरीर स्वतःच कर्करोगाशी लढू शकतं, एवढं यातून दिसलं. कसं लढतं, ते कळलं नाही. पुढे क्ष-किरणांचे उपचार आले आणि कोली अडगळीत गेले.

लढणारा शिपाई सापडायला 1961 उजाडलं. छातीच्या हाडामागची थायमस ही ग्रंथी तोवर बिनकामाची समजली जायची. लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढून टाकली, तर त्यांची प्रतिकारशक्तीच ढासळली. या ग्रंथीत तयार होणाऱ्या पेशींना तिच्याच इंग्रजी आद्याक्षरावरून ‘टी’ हे नाव मिळालं.

ॲलिसनचा जन्म 1948 चा, टेक्सासमधल्या ॲलिस या छोट्या गावातला. लिम्फोमा या कर्करोगाने त्याची आई तो लहान असतानाच गेली. तरी त्याने संशोधनासाठी निवडली ती टी पेशी: ती शत्रूला ओळखते कशी, हाच त्याचा ध्यास. ज्या प्रथिनामुळे ही ओळख पटते, ते 1982 मध्ये त्याला सापडलं. ही झाली गाडीची किल्ली. पण नुसत्या किल्लीने गाडी धावत नाही. सीडी-28 नावाचं दुसरं प्रथिन ॲक्सिलरेटरचं काम करतं. त्याच्यासारखंच दिसणारं सीटीएलए-4 हे प्रथिन 1987 मध्ये फ्रान्समधल्या मार्सेलमध्ये सापडलं होतं. रूपसाधर्म्यावरून तोही ॲक्सिलरेटरच असावा, असा तर्क झाला. ॲलिसन आणि जेफ्री ब्लूस्टोन यांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं, की हा तर ब्रेक आहे. हे प्रथिन नसलेले उंदीर जन्मल्यावर तीन-चार आठवड्यांतच मरत; त्यांच्याच टी पेशी बेसुमार वाढून त्यांच्या अवयवांत घुसत. ब्रेक काही शोभेसाठी नव्हता.

ॲलिसनचं वेगळेपण पुढच्या प्रश्नात होतं. गाठीपुढे टी पेशी थबकतात त्या याच ब्रेकमुळे असतील, तर त्यावरचा पाय थोडा वेळ काढला तर? सीटीएलए-4 ला अडवणारं प्रतिपिंड (अँटिबॉडी) उंदरांना टोचलं गेलं ते यासाठी. म्हणजे औषध गाठीला हातही लावत नव्हतं.

हा शोध 1996 मध्ये छापून आला, पण औषध कंपन्या दाद देईनात. अखेर मेडारेक्स या छोट्या कंपनीने माणसासाठीचं प्रतिपिंड तयार केलं: इपिलिमुमॅब. रुग्णांवरच्या चाचण्यांत पुन्हा पिंजऱ्यातलीच गोष्ट घडली. सुरुवातीच्या स्कॅनमध्ये काहींच्या गाठी वाढलेल्या दिसत आणि नंतर ओसरत. ब्रेक सुटला तरी गाडीला वेग घ्यायला वेळ लागतोच. फायझरने आपल्या अशाच औषधाची चाचणी 2008 मध्ये आवरती घेतली. इपिलिमुमॅबवाल्यांनी मात्र गाठ किती आकसली याऐवजी रुग्ण किती जगला, हे मोजायचं ठरवलं. 2010 मध्ये निकाल आला. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात, तो पसरल्यावर, निम्मे रुग्ण दगावायला आधी साडेसहा महिने लागत, ते आता दहा झाले. 2011 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. साडेतीन महिन्यांची कमाई तशी किरकोळच. पण साधारण पाचातला एक रुग्ण तीन वर्षांनंतरही जिवंत होता आणि त्यातले बरेचसे पुढेही जगत राहिले. ब्रेक सोडल्याची किंमतही होतीच: आतडी, त्वचा, ग्रंथी यांवर स्वतःच्याच पेशींचा हल्ला.

याच कुळातली दुसरी शाखा क्योटोची. तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत 1992 मध्ये सापडलेलं पीडी-1 हा दुसरा ब्रेक निघाला. 2018 चं नोबेल ॲलिसन आणि होन्जो यांना मिळून मिळालं.

पीडी-1 ला अडवणारं निवोलुमॅब परळच्या टाटा रुग्णालयातही पोहोचलं. तंबाखूने तोंडा-घशाचे कर्करोग जडलेले किती रुग्ण तिथे येतात, हे वेगळं सांगायला नको. पण नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅमचा. तो बहुतेकांच्या खिशाला न परवडणारा. तिथल्या डॉक्टरांनी स्वस्त केमोथेरपीच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम देऊन पाहिलं. नुसत्या केमोवर वर्षभर तगणारे शंभरात सोळा होते, ते त्रेचाळीस झाले. ब्रेकवरून पाय काढायला किती औषध पुरतं, हा प्रश्न बर्कलीला पडायचं कारण नव्हतं. तो परळलाच पडणार होता.