पेक्टिनोफोरा प्रजातीचे वर्गीकरण आणि मराठवाड्यातील गुलाबी बोंडअळी

गुलाबी बोंडअळीचा पहिला शास्त्रीय परिचय भारतातील नमुन्यांवरून झाला. १८४२ मध्ये भडोच येथील कापसात बोंडे पोखरणारी अळी आढळली. तिचे नमुने इंग्लंडला गेले व डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स यांनी पतंगास ‘डिप्रेसारिया गॉसिपिएला’ हे नाव दिले. पुढे हा पतंग ‘गेलेचिया’ व ‘प्लाटिएड्रा’ या प्रजातींत फिरत राहिला. १९१७ मध्ये अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञ ऑगस्ट बस्क यांनी त्याच्यासाठी ‘पेक्टिनोफोरा’ ही स्वतंत्र प्रजाती स्थापन केली. स्पर्शिकेच्या मुळाशी असलेल्या, कंगव्याच्या दातांसारख्या ताठ केसांवरून हे नाव पडले. तथापि ‘प्लाटिएड्रा’ हे नाव पुढेही दशकानुदशके वापरात राहिले. त्यामुळे जुने अहवाल चाळताना एकच कीड निरनिराळ्या नावांखाली शोधावी लागते.

ही प्रजाती लहानच राहिली. ऑस्ट्रेलियातील एक जाती हॉलडवे यांनी १९२६ मध्ये वेगळी केली. १९५८ मध्ये कॉमन यांनी या गटाची फेरतपासणी करून तिसरी जाती नोंदविली.

मराठवाड्यातील बोलीचे वर्गीकरण मात्र नुकसानीवर आधारलेले आहे. अमेरिकन, ठिपक्यांची व गुलाबी या तिन्ही ‘बोंडअळ्या’च, वस्तुतः त्यांची कुले भिन्न आहेत. उलट नांदेडच्या कापसावरील अमेरिकन बोंडअळी आणि लातूरकडील हरभऱ्यावरील घाटेअळी ही कीड एकच आहे. गुलाबी अळीचे खरे आप्त निराळेच: बटाट्यावरील पाकोळी आणि साठवणीच्या धान्यातील पतंग. या तिघींच्याही अळ्या आत दडून खातात. गुलाबी अळी तर सरकीत शिरते, त्यामुळे फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

हा भेद केवळ पंडिती नव्हे. २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली तेव्हा सर्वच बोंडअळ्यांचा बंदोबस्त झाला, असा समज रूढ झाला. परंतु २००८ च्या हंगामात गुजरातमधील अमरेली येथे एकजनुकी बीटीविरुद्ध प्रतिकारक्षमता आढळली, ती गुलाबी अळीतच. पुढे द्विजनुकी वाणही तिच्यापुढे निष्प्रभ ठरले आणि २०१७ मध्ये मराठवाड्यासह महाराष्ट्रात मोठे नुकसान झाले. अमेरिकन बोंडअळीस तूर, हरभरा, टोमॅटो असे अनेक आश्रय आहेत. गुलाबी अळी मुख्यत्वे कापसावरच जगते. म्हणूनच पाण्याची सोय असलेला शेतकरी डिसेंबरनंतर फरदड राखतो, तेव्हा तो याच एका किडीचा पुढील हंगामापर्यंतचा निर्वाह करीत असतो.