ग्रेहाउंड्स : पायी चालणारे पोलीस

१९८९ साली आंध्र प्रदेशात के. एस. व्यास या आयपीएस अधिकाऱ्यांनी ग्रेहाउंड्स हे दल उभं केलं. नक्षलवाद्यांशी लढायचं तर ठाण्यात बसून भागणार नाही, हे त्यांनी ओळखलं. लहान तुकड्या, पाठीवर शिधा, रात्रीची चाल. आम्हा फौजींना यात नवल नाही. राज्य पोलिसांत मात्र तेव्हा होतं. जानेवारी १९९३ मध्ये हैदराबादच्या लालबहादूर स्टेडियमवर व्यास धावायला गेले असताना नक्षलवाद्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. दल टिकलं. पण २९ जून २००८ रोजी ओडिशातल्या बालिमेला जलाशयात त्याच दलाच्या जवानांच्या बोटीवर टेकडीवरून मारा झाला, बोट बुडाली, ३८ जण गेले. उघड्या पाण्यातून, वर टेकडी मोकळी सोडून, मी माझी कंपनी नेली नसती.