लाळग्रंथींचा कर्करोग, मानेतील लसिका ग्रंथी आणि रुग्णाचे आयुर्मान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
कानाखाली किंवा जबड्याखाली आलेली न दुखणारी गाठ सहसा दुर्लक्षिली जाते. ती लाळग्रंथीच्या कर्करोगाची असल्यास रुग्णाचे आयुर्मान बऱ्याच अंशी मानेतील लसिका ग्रंथींवर अवलंबून असते. या जाणिवेचा इतिहास व पारशिवनी तालुक्यातील रुग्णाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व प्रस्तुत लेखात मांडण्यात आले आहे.

विवेचन :
अमेरिकेतील शल्यचिकित्सक जॉर्ज क्राईल यांनी १९०६ मध्ये १३२ शस्त्रक्रियांच्या आधारे मानेतील ग्रंथी समूळ काढण्याची पद्धत मांडली. तीत ग्रंथींबरोबर स्नायू, मोठी शीर व खांद्याची नसही काढली जाई. त्यामुळे खांदा दुबळा होई. पुढे हे अवयव वाचविणाऱ्या पद्धती रूढ झाल्या.

मात्र हाताला गाठ लागत नसताना मानेची शस्त्रक्रिया करावी की वाट पाहावी, हा प्रश्न कायम राहिला. मुखकर्करोगापुरते त्याचे उत्तर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने (स्थापना १९४१) दिले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील अभ्यासात ५०० रुग्णांच्या विश्लेषणानुसार, आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के, तर वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते.

लाळग्रंथींचा कर्करोग दुर्मीळ असल्याने हे आकडे त्यास जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. तेथे गाठीचा आकार व पेशींची आक्रमकता पाहून निर्णय घेतला जातो. तथापि, एकाही लसिका ग्रंथीत कर्करोग पोहोचल्यास रोग किमान तिसऱ्या टप्प्याचा मानला जातो आणि शस्त्रक्रियेनंतर बहुधा किरणोपचारही द्यावे लागतात.

नागपुरात १९८० पासून कर्करोग नोंदणी सुरू झाली. १९६८ मध्ये कर्करोगाने निधन पावलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचे प्रादेशिक कर्करोग रुग्णालयही तेथेच आहे. म्हणजेच पारशिवनीच्या रुग्णाला निदान व उपचारासाठी मुंबईच गाठावी लागते असे नाही.

निष्कर्ष :
शतकभर शल्यचिकित्सकांनी 'वाट पाहावी का' या प्रश्नाचा शोध घेतला. परंतु गावातील रुग्णाची वाट पाहणे डॉक्टरांच्या भेटीपूर्वीच सुरू झालेले असते. गाठ दुखत नाही, म्हणून ती निर्धोक ठरत नाही. दोन-तीन आठवड्यांत न विरणाऱ्या गाठीची सुईने तपासणी करून घेणे आणि चेहरा वाकडा होऊ लागल्यास विलंब न करणे, हाच या इतिहासाचा ग्रामीण समाजासाठी बोध होय.