मिठाचा हिशेब चुकलेले तास: खारघर, 16 एप्रिल 2023

शनिवार रात्र. रेवदंड्याच्या अप्पासाहेब धर्माधिकारींना उद्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळणार. पेण-रोह्यात त्यांच्या बैठकीला जाणारी घरं गावोगाव आहेत. राज्यभरातले त्यांचे अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, खारघरला निघाले, अनेक जण रात्रीच मैदानावर पोहोचले.

रविवार, सकाळी 8. लाखोंच्या डोक्यावर छप्पर नाही. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, त्यामुळे अंग निवत नाही. कडक उन्हात तासाला लीटरभर घाम जाऊ शकतो, आणि त्याच्यासोबत सोडियम. माणसाला जाणवते ती फक्त तहान.

सकाळी 10. अशा वेळी पायांत गोळे येतात, डोकं जड होतं. लीटरभर रक्तात सोडियम 135 ते 145 मिलिमोल असावं लागतं. पाणीच मिळालं नाही तर ते वाढतं. मीठ न घेता नुसतं पाणी पीत राहिलं तर घटतं, मग पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं आणि मेंदू सुजतो. कवटी मात्र सैल होत नाही. दोन्हीकडून धोका झटक्यांचाच. पेशीच्या आत-बाहेर सोडियम-पोटॅशियमची जी तफावत असते, तिच्यावरच मेंदूचे विद्युत संदेश चालतात. मॅग्नेशियम त्यांना आवर घालतं. प्रयोगशाळेत मेंदूचा पातळ काप मॅग्नेशियम नसलेल्या द्रावणात ठेवला, की निरोगी ऊतीतही अपस्मारासारखे झटके उठतात. म्हणजे झटका यायला मिरगीचा आजार असावा लागतो, असं नाही.

साडेअकरा. सोहळा सुरू. पारा 38 अंशांवर.

दुपारी 1. सोहळा संपला. शरीराचं तापमान 40 अंशांपलीकडे गेलं की माणूस बरळतो, कोसळतो, कधी झटके येतात. आपल्याकडे अशा वेळी कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. त्यात मोलाची मिनिटं जातात. त्याऐवजी कोसळलेल्या माणसाला सावलीत न्या, कुशीवर वळवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, 108 ला फोन करा. शुद्ध नसताना तोंडात पाण्याचा थेंबही नको.

रात्री. 11 मृत्यू जाहीर झाले. पुढे आकडा 14 वर गेला. कारण उष्माघात. त्यांतल्या बहुतेकांनी कित्येक तास काही खाल्लेलंही नव्हतं.

माझ्या मते ही माणसं दुपारी एकला गेली नाहीत. सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान, ती चालती-बोलती असतानाच, त्यांना वाचवायचं राहून गेलं. या घटनेनंतर सरकारने त्या उन्हाळ्यात दुपारी 12 ते 5 उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमांना मनाई जाहीर केली. पेण-रोह्यातल्या प्रत्येक मंडळाने, प्रत्येक पक्षाने ती दर उन्हाळ्यात स्वतःहून पाळावी. आणि मेळाव्याला निघणाऱ्याने खाऊन निघावं, सोबत लीटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून न्यावं, आणि तहान लागायची वाट न बघता ते घोट घोट पीत राहावं.